विश्रामकाकांची मगर

त्या रविवारी सकाळी माझी आई बाहेरून दार वाजवत होती आणि मी आतून कडी धरून उभा होतो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मी बावन्न. ती म्हणत होती, "दिन्या, कडी काढ." मी काढली नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते विश्रामकाकांबद्दल आहे. ते वाचताना तुम्हाला माणूस आवडायला लागेल आणि त्या आवडण्याच्या भरात हे लिहिणाराही बरा असावा असं वाटेल. तसं वाटू नये.

विश्रामकाका आमच्या लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, शेवटून दुसऱ्या खोलीत राहायचे. आमची खोली जिन्याजवळची. मध्ये तीन बिऱ्हाडं आणि एक लांब गॅलरी. माझे वडील आणि ते मालवणकडच्या एकाच वाडीतले. वडील गिरणीत लागले आणि काका बोटीवर. आधी भांडी घासणारा, मग मदतनीस, मग कूक. नऊ महिने समुद्रावर आणि तीन महिने चाळीत, असं त्यांचं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. "बाईल केलंय आसता तर तिनाच माका तळलो आसतो," म्हणायचे.

दिसायला ते भीती वाटावी असे होते. छातीपर्यंत पांढरी दाढी, चौकटीची लुंगी, उघडं अंग आणि डाव्या खांद्यापासून कोपरापर्यंत भाजल्याचा चकचकीत डाग. हसले तरी कुणावर तरी धावून जाणार असं वाटायचं. आणि कधीकधी खरंच धावून जायचे.

निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी रविवारची 'मगर' सुरू केली. चाळीत सगळे तिला मगरच म्हणायचे. असायची मुशी, म्हणजे बाजारात कोळणी जिला मोरी म्हणतात तो लहान शार्क. पण काका ती मगरीसारखी कापायचे आणि मगरीसारखी तळायचे. हे कसब त्यांनी अमेरिकेच्या दक्षिण टोकाला शिकून घेतलं होतं. तिकडे एका मोठ्या नदीच्या मुखाशी त्यांची बोट दुरुस्तीसाठी दोन महिने अडकून पडली होती. बंदरावर माल चढवणाऱ्या एका काळ्या म्हाताऱ्याशी त्यांची दोस्ती झाली. त्याचं घर दलदलीच्या काठावर होतं आणि घरात दर रविवारी मगर तळायचे. अंगणात लाकडी फळी, फळीवर मगर, बायका मक्याचं पीठ चाळतायत, पोरं कढईभोवती. काका म्हणायचे, "आमच्या वाडीसारखाच सगळा. फक्त बोंबलाऐवजी मगर."

तर रविवारी सकाळी नऊला काका गॅलरीत पाट टाकत. मुशीचं डोकं पाटावर ठेवून त्यातून चार इंची खिळा एका घावात ठोकत. तो आवाज तळमजल्यापर्यंत जायचा. मग मानेभोवती सुरी फिरवून, एक पाय पाटावर रोवून, पकडीने कातडं ओढायचे. मुशीचं कातडं काचकागदासारखं खरखरीत. ते फाटत यायचं तेव्हा नवं कापड टराटरा फाडल्यासारखा आवाज व्हायचा. काकांच्या मानेच्या शिरा तटतटायच्या. तोंडाने ते शिव्या देत असायचे, मुशीला, खिळ्याला, त्या आठवड्यात जो कोणी डोक्यात गेला असेल त्याला. कातडं सुटलं की एकदम शांत व्हायचे. मग बोटाएवढे तुकडे, लसूण आणि मीठ लावून तासभर ताकात. "दह्यात नाय, ताकात. दही चिकटता, ताक भितर जाता." मग मक्याचं पीठ, त्यात लाल तिखट, मिरपूड आणि चिमूटभर मोहरीची पूड. मग कढई.

चुलीची जागाही तशीच ठरलेली. गॅलरीत लोखंडी स्टँड, त्यावर शेगडी आणि शेगडीभोवती वीतभर उंचीचा एक लोखंडी कठडा. तो काकांनी स्वतः वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला होता. बोटीवरच्या स्वयंपाकघरात असा कठडा असतोच. बोट हलली तरी भांडं घसरून खाली येत नाही. आम्ही हसायचो.

"काका, चाळ काय हलते का?"

"तुका काय ठाऊक? आज नाय हलली, उद्या हलात."

यामागे एक गोष्ट होती. एकदा भर वादळात बोट आडवी झाली. काका तेव्हा मदतनीस होते. मोठा कूक केरळचा, अब्दू नावाचा. कढईतलं तेल उसळलं. काकांनी घाबरून दोन्ही हात डोक्यावर घेतले, कारण वरच्या फळीवरून डबे कोसळत होते. अब्दूने डोकं सोडून कढई धरली. तरी अर्धं तेल सांडलंच. थोडं काकांच्या खांद्यावर आलं. बाकीचं अब्दूच्या पोटावर आणि मांड्यांवर. पुढचं बंदर तीन दिवसांवर होतं. अब्दू दुसऱ्या दिवशी गेला. जाण्याआधी त्याने काकांना जवळ बोलावलं. सगळ्यांना वाटलं घरच्यांसाठी काही निरोप असेल. तो म्हणाला, डबा डोक्यावर पडला तर एकाला लागतो, तेल सांडलं तर सगळ्यांना.

काकांनी ते आपल्या भाषेत आणलं होतं: "आदी कढई, मगे कपाळ." कुणाचं काही बिनसलं, परीक्षा, नोकरी, दुखणं, की काकांकडून हेच ऐकायला मिळायचं. बऱ्याचदा त्याचा संबंधही लागायचा नाही.

माझी आई या रविवारांची मानाची पाहुणी होती. शेगडीशेजारी तिचा बुटका स्टूल. ती लसूण सोलायची, ताकात मीठ पुरेसं आहे का ते चाखायची आणि काकांना बोलायची.

"विश्राम, तिखट कमी झालंय."

"वैनी, तुझी जीभ मेलीहा."

"माझी जीभ मेली असती तर तुला इतकी वर्षं ऐकवलं कुणी असतं?"

आईचे गुडघे गेलेत, पण कान शाबूत आहेत. तिसऱ्या खोलीत कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते ती इथून सांगते. हे लक्षात ठेवा.

आई आणि काकांमध्ये जे काही होतं त्याला मी आयुष्यभर नाव देऊ शकलो नाही. त्याची सुरुवात मात्र मला माहीत आहे. मी तिथेच होतो. नऊ वर्षांचा असेन. गिरणी बंद पडल्यावर वडील पिऊ लागले आणि आईवर हात टाकू लागले. एका दुपारी ते घरात आले, कंबरेचा पट्टा काढला आणि मला म्हणाले, "कडी घाल." मी घातली. बापाने सांगितलं म्हणून घातली, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे बाहेरच्या लोकांना दिसू नये म्हणून घातली.

काका तेव्हा सुट्टीवर होते. आईचा आवाज ऐकून त्यांनी दार लाथेने तोडलं. कडी उडून माझ्या पायाशी पडली. काकांच्या हातात तळणाचा मोठा झारा होता. त्यांनी तो वडिलांच्या मनगटावर इतक्या जोरात मारला की हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग केसांना धरून त्यांना गॅलरीत ओढलं आणि सगळ्या चाळीसमोर विचारलं, "आता कोण मारता तुका? सांग. कोण मारता?" वडील रडत होते. काका मारत होते. चारजणांनी मिळून त्यांना बाजूला केलं.

दुसऱ्या दिवशी काका हत्यारांची पिशवी घेऊन आले. आमच्या दाराला त्यांनी स्वतः नवी कडी बसवली. जाड पितळेची, बोटीवरून आणलेली. लागताना तिचा दोनदा आवाज येतो, एकदा सरकताना आणि एकदा बसताना. मग पुढचे तीन आठवडे, वडिलांचा हात गळ्यात असेपर्यंत, काका रोज दोन्ही वेळा येऊन त्यांना भरवत होते. घास भरवताना वडिलांना मान वर करू देत नव्हते. वारेपर्यंत वडिलांनी पुन्हा आईवर हात टाकला नाही.

आता त्या व्हिडिओचं.

मी एका विम्याच्या कचेरीत कारकून आहे. शाळेतल्या मित्रांचा एक ग्रुप आहे मोबाइलवर. कुणी परदेशातल्या पोराचे फोटो टाकतो, कुणी नव्या फ्लॅटचे. माझ्याकडे टाकण्यासारखं काही नसतं. एका रविवारी मी काकांचा व्हिडिओ घेतला. खिळा ठोकताना, कातडं ओढताना. मी पाठीमागून बोलत होतो, "मंडळी, ही बघा लालबागची ताजी मगर! आत्ताच कापलीय!" काकांनाही चेव चढला. सोललेलं कातडं त्यांनी झेंड्यासारखं वर धरलं आणि ओरडले, "शेपटीचा मांस! खाशात तर वाघ होशात!" आई मागे हसत होती. वर मी लिहिलं, 'आमच्या चाळीत आज मगर कापली.' मुशी हा शब्द कुठेही नव्हता. मुशी म्हटलं असतं तर कोण बघणार?

ग्रुपवर धमाल उडाली. पंधरा वर्षं ज्यांनी माझी चौकशी केली नव्हती ते विचारू लागले, "कुठे मिळते? आम्ही येऊ का?" मी चाळीचा पत्ता टाकला. मित्रांनी पत्त्यासकट व्हिडिओ पुढे पाठवला. मी मना केलं नाही. त्या आठवड्यात दोन अनोळखी पोरं खरंच मगर चाखायला आली आणि मुशी खाऊन खूश होऊन गेली. मला वाटलं, माझंही काहीतरी झालं.

पुढे पाठवता पाठवता व्हिडिओचं काय झालं ते मला कळायला उशीर झाला. कुणीतरी माझा आवाज कापला. त्यावर लिहिलं की गंगामाईचं वाहन कापून खातात, ओळखा हे लोक कोण. त्याखाली दाढी आणि लुंगीवर लाल गोल. शुक्रवारी हे माझ्याकडेच परत आलं. मी ग्रुपवरून माझा व्हिडिओ काढून टाकला आणि विषय संपला असं समजलो.

काका मगरीची एक गोष्ट नेहमी सांगायचे. बंदरावरच्या त्या म्हाताऱ्याने मगरीला गळाने ओढून काठावर घेतलं आणि डोक्यात गोळी घातली. मगर निपचित. त्याचा पुतण्या तिच्यावर पाय ठेवून उभा राहिला, फोटो काढायला. तेवढ्यात मेलेल्या मगरीची शेपटी फिरली आणि पुतण्याचं नडगीचं हाड बाहेर आलं. "मेलेली होती रे ती. डोक्याक कळला, शेपटेक कळूक नाय." ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. शुक्रवारी ती आठवली नाही.

उलट रविवारी मी दुसरा व्हिडिओ घ्यायला निघालो. मोबाइल धरून पाहिलं तर कठड्यामुळे कढई दिसेना.

"काका, हा कठडा काढा ना. पिंजऱ्यासारखा दिसतो."

"कठडो ऱ्हवांदे."

"पाच मिनिटं. तळण नीट दिसेल."

"नाय म्हटलंय ना."

मग मी आईला मध्ये घेतलं. आई म्हणाली, "काढ रे विश्राम. पोराची हौस आहे." आईने सांगितलेलं काका टाळत नसत. त्यांनी चार नट सोडवले आणि कठडा भिंतीला टेकवून ठेवला. पण चेहरा पडला होता. "पाच मिनटा," म्हणाले.

मोबाइलची बॅटरी संपत आली होती. चार्जर आणायला मी आमच्या खोलीकडे वळलो. जिन्यातून सात-आठ तरुण वर येत होते. पुढच्याने मोबाइल दाखवून विचारलं, "मगर कापतात ती खोली कुठली?"

मी काय केलं? चाळीत कुणी दार विचारलं तर आपण दार दाखवतो. त्यात मला वाटलं, आणखी खवय्ये आले. छाती फुगली. म्हणालो, "शेवटून दुसरी. सांगा, दिन्याने पाठवलंय."

ते पुढे गेले. शेवटच्याच्या हातात क्रिकेटचा स्टंप होता. तो मांडीला लावून चालत होता. तेव्हा मला सगळं कळलं. मी ओरडू शकत होतो, 'ती मुशी आहे.' चार शब्द लागले नसते. मी आत गेलो आणि कडी घातली. एकदा सरकताना आवाज झाला, एकदा बसताना.

बाकीचं मी खिडकीच्या फटीतून पाहिलं.

पुढच्याने विचारलं, "नाव काय तुझं?"

काका तुकडे सोडत होते. वर न बघता म्हणाले, "नाव कित्याक? कढईत काय आसा ता बघ."

"नाव सांग आधी."

"मासो खावक नाव लागता काय?"

पहिली थप्पड कानावर बसली. काका वळले. मला वाटलं आता झारा फिरणार. त्या हाताने माझ्या बापाचं मनगट मोडलं होतं. झारा वर गेलाही. तेवढ्यात कुणीतरी स्टँडला लाथ घातली.

कढई घसरली. अडवायला कठडा नव्हता. खाली स्टुलावर माझी आई होती, मांडीवर लसणाचं ताट.

काकांनी झारा टाकला आणि कढईचे दोन्ही कान उघड्या हातांनी धरले. तेल त्यांच्या मनगटांवरून खाली आलं. कढई आईच्या डोक्याच्या वर एक हात अंतरावर तिरकी थांबली. ते ओरडले, "वैनी, उठ!"

आईला उठायला वेळ लागतो. एक हात भिंतीला, मग एक पाय, मग दुसरा हात गुडघ्यावर, मग श्वास. तितका सगळा वेळ काका कढई धरून उभे होते आणि ती पोरं त्यांना मारत होती. दोन्ही हात गुंतलेल्या माणसाला मारणं सोपं असतं. पाठीवर स्टंप, मानेवर बुक्के, पोटरीवर लाथा. एकाने दाढी धरून डोकं मागे ओढलं. काकांच्या तोंडातून रक्त आलं ते दाढीत उतरलं. हात हलले नाहीत. कढईतली मगर तळली जात होती. त्या वासासकट मला सगळं आठवतं.

आई उठली आणि कुठे जाणार, आपल्या घराकडे आली. भिंतीला धरून, तीन बिऱ्हाडं ओलांडून. दार ढकललं. मग वाजवलं. "दिन्या, कडी काढ." पुन्हा वाजवलं. "दिन्या." दाराच्या या बाजूला माझा हात कडीवर होता. काढायला नव्हे. कडी हलू नये म्हणून. मग तिची पावलं सरकत शेजारच्या दाराशी गेली आणि ते दार उघडलं.

मारणं थांबलं ते वेगळ्याच कारणाने. एकजण झडती घ्यायला काकांच्या खोलीत शिरला आणि तसाच बाहेर आला. आत देव्हारा होता. गणपती, गावच्या देवीची तसबीर, वर ताजी जास्वंद.

"अरे, थांबा. हे आपलेच आहेत."

हात थांबले. पुढच्याचा चेहरा खरोखर पडला. तो म्हणाला, "आधी नाव सांगायचं ना, काका. आपलेच आहात तुम्ही." कुणीतरी धावत पाणी आणलं. कुणीतरी गॅस बंद केला.

काका अजून कढई धरून होते. एक डोळा बंद झाला होता. दुसऱ्या डोळ्याने त्यांनी त्या पोराकडे पाहिलं आणि विचारलं, "मी तुमचो नसतंय तर?"

ती पोरं जिना उतरून गेली. मग काकांनी कढई हळूच खाली ठेवली. हात सोडवले तेव्हा तळव्यांची कातडी कढईच्या कानांना राहिली.

परळच्या इस्पितळात ते सव्वा महिना होते. मी रोज डबा न्यायचो. चांगला मुलगा, असं नर्सना वाटायचं. पोलीस आले तेव्हा मी खाटेशेजारी थर्मास धरून उभा होतो. त्यांनी विचारलं, व्हिडिओ कोणी काढला होता? काका म्हणाले, "म्हातारो माणूस मी. मोबाइलातला काय कळता माका?" माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी थर्मासचं झाकण घट्ट केलं.

आई मला काही बोलली नाही. शेजारच्यांनी विचारलं, दिन्या कुठे होता गं त्या वेळी? ती म्हणाली, "होता घरात." तेवढंच. पण त्या दिवसापासून ती आमचं दार लावू देत नाही. दिवसभर सताड उघडं. अंघोळीला गेली तरी आतून सांगते, "दार उघडं ठेव." आणि काका घरी आल्यावर ती रोज दोन्ही वेळा गॅलरी पार करून जाते आणि त्यांना घास भरवते. काका मान वर करून, तिच्या तोंडाकडे बघत जेवतात.

आठ महिने गेले. काकांची बोटं पुरती मिटत नव्हती. गावाहून भाऊ येऊन सांगून गेला, आता तिकडेच चल. काकांनी होकार दिला. निघायच्या आधी एकच रविवार उरला. मला आतून कुणीतरी पकडीने ओढत असल्यासारखं होत होतं. ते गेले की मी सुटणार होतो. कुणालाही कधीच कळणार नव्हतं. त्या सुटण्याची मला त्या पोरांपेक्षा जास्त भीती वाटली.

रविवारी सकाळी मी बाजारातून मुशी आणली. काकांच्या दारात जाऊन म्हणालो, "काका, आज मी करतो. तुम्ही सांगा."

त्यांनी मुशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "खिळो हय आसा."

मला खिळा एका घावात ठोकता आला नाही. सात लागले. कातडं ओढताना दोनदा पकड सुटली आणि मी मागे आपटलो. आई तिच्या स्टुलावर होती, ती हसली नाही. काका म्हणाले, "पाय रोव, मेल्या. मुशी मेलीहा, तू जिवंत आसस. जोर लाव." कातडं निघालं. तुकडे ताकात पडले. तासभर मुरले. मग मी भिंतीशी टेकवलेला कठडा उचलला, शेगडीभोवती बसवला आणि चारही नट आवळले. चौथा आवळताना बोललो.

"काका, तो व्हिडिओ माझा होता."

"हं."

"त्यांना तुमची खोली मीच दाखवली. आणि मग आत जाऊन कडी घातली."

काका कढईकडे बघत होते. म्हणाले, "ती कडी मीच बसवलेली. तिचो आवाज माका ठाऊक नाय तर कोणाक?"

म्हणजे मार खाताना त्यांनी ती ऐकली होती. सरकताना आणि बसताना.

माझे हात जोडले गेले. "काका, मला माफ—"

"माझी कित्याक मागतस?" ते एकदम गरजले, पूर्वीसारखे. "माका मारणारे येगळे. मी माझी कढई धरलंय, तां माझा काम. दाराभायर कोण होती?" मग आवाज उतरला. "तेल तापला. पीठ सोडून बघ."

मी पिठाची चिमूट सोडली. ती तळाशी जाऊन फसफसत वर आली. काकांनी आपल्या वाकड्या बोटांमध्ये झारा कसाबसा अडकवला आणि पहिला तुकडा सोडला. आमच्याकडे पाठ करून, कठड्याला पोट टेकवून उभे राहिले. खांद्यावरचा जुना डाग आणि मनगटांवरचा नवा, दोन्ही उन्हात सारखेच चकाकत होते. माझ्या डोळ्यांपुढे ते आता असेच येतात.

मी आईच्या स्टुलासमोर जमिनीवर बसलो आणि बोललो. माझं मलाच ऐकू आलं नसेल.

आई लसूण सोलत होती. "काय? मोठ्याने बोल. ऐकू येत नाही."

मी पुन्हा बोललो.

"अजून मोठ्याने."

गॅलरीतली दारं उघडी होती. शेजारीण कपडे वाळत घालता घालता थांबली. समोरच्या मजल्यावरून कुणीतरी वाकून पाहिलं. काकांनी गॅस बारीक केला, तळणाचा आवाज कमी झाला.

"आई," मी ओरडलो, "तू दार वाजवत होतीस तेव्हा मी आतच होतो. दाराशीच होतो. कडी माझ्या हातात होती. मी उघडली नाही. माझं चुकलं, आई. मला माफ कर."